याचं बळ कशात आहे?

जानेवारी १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून एक तपकिरी खोकं विक्रीला आलं. आत तीन पातळ पुस्तिका होत्या. पहिली छपाई अवघ्या १,००० प्रतींची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेल्या या खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्या खोक्यात चोर नव्हता. रानात माग काढणारा रेंजर नव्हता, गाण्यातून जादू करणारा बार्ड नव्हता. होते फक्त तिघे: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. आज ज्यांच्यावाचून हा खेळ डोळ्यांसमोर येत नाही, अशी बरीचशी पात्रं मागाहून आली, आणि त्यातली कितीतरी कंपनीबाहेरच्या माणसांनी आणून दिली. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वासच बसेना.

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. ‘मी दार फोडते’ असं कुणी म्हणालं की वीस पैलूंचा फासा पडतो आणि दार फुटलं की नाही ते ठरतं. दिल्लीच्या आसपास, गुरुग्राम-नोएडाच्या फ्लॅटांमध्ये आणि बोर्डगेम कॅफेंमध्ये सुटीच्या दिवशी असे टेबल बसतात. मी ज्या टेबलावर खेळते तिथे हिंदी, इंग्रजी, हरियाणवी आणि माझ्यामुळे थोडीफार मराठी चालते.

पात्र घडवताना पहिला प्रश्न असतो, क्लास कोणता? या माणसाचं बळ कशात आहे, याचं उत्तर म्हणजे क्लास. जादू करणारेच बघा. विझर्डची जादू पोथ्या घोकून आलेली, सॉर्सररची रक्तातूनच आलेली, वॉरलॉकची कुणा बलाढ्य शक्तीशी केलेल्या कराराची. आगीचा गोळा तिघेही फेकू शकतात आणि तो शत्रूला सारखाच भाजतो. पण विझर्ड सकाळी वही उघडून ठरवतो आज काय लागेल ते. सॉर्सरर मोजक्याच मंत्रांना हवा तसा पीळ देतो. वॉरलॉकला सुरुवातीला एका वेळी एक-दोनच मंत्र टाकता येतात, पण तासभर टेकला की ते परत मिळतात. बळ कुठून आलं यावरून माणूस दिवसभर कसा वागेल हे ठरतं. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा फरक याच जातीचा. दोघेही घोडेस्वार, दोघांच्या हाती भाला. पण शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा सरकारी पागेतला. रणात कुठवर घुसायचं, याचा हिशेब दोघांच्या डोक्यात वेगळा.

आता ही उत्तरं कुठून आली ते बघा. धर्मगुरूचा क्लास छापील पुस्तकाच्याही आधीचा, आर्नेसन यांच्या घरच्या ‘ब्लॅकमूर’ या डावातला. तिथे एका खेळाडूचं पात्र रक्तपिपासू व्हँपायर झालं आणि कुणालाच आवरेना. त्याला आळा घालायला मृतांना पळवून लावणारा एक पाद्री उभा करण्यात आला, आणि तो माइक कार यांनी खेळला. एका टेबलावरची एक अडचण! पन्नास वर्षं उलटली, तरी आजच्या धर्मगुरूला दुसऱ्या पायरीवर, म्हणजे लेव्हलवर, मृतांना पिटाळण्याची शक्ती मिळते.

चोर आला कॅलिफोर्नियातून. खेळ बाजारात येऊन काही महिनेच झाले होते. सांता मोनिकाच्या ‘एरो हॉबीज’ या दुकानात जमणाऱ्या मंडळींनी कुलपं उघडणारं, सापळे निकामी करणारं पात्र स्वतःच रचलं, आणि गॅरी स्वित्झर यांनी ते फोनवरून गायगॅक्स यांना सांगितलं. गायगॅक्स यांनी त्यावरून आपली आवृत्ती लिहिली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर छापून आला. त्याच वर्षी ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेत जो फिशर यांचा रेंजर आला आणि पीटर ॲरनसन यांचा इल्युजनिस्ट. फेब्रुवारी १९७६ मध्ये डग श्वेगमन यांचा बार्ड आला. हे सगळे पगारी लेखक नव्हते. वाचक होते, खेळणारे होते. आपल्या टेबलावर एका माणसाची उणीव भासली, म्हणून त्यांनी तो माणूस लिहून काढला.

चोराच्या येण्यात एक मेख मात्र आहे, आणि जुने खेळाडू तिच्यावरून अजून वाद घालतात. चोर नव्हता तेव्हा कुणीही म्हणू शकत असे, ‘मी पाय न वाजवता जाते’, ‘मी भिंत चढून बघते’. चोराच्या तक्त्यात भिंत चढण्याचे, दबकत चालण्याचे टक्के छापले गेले आणि बाकीच्यांना वाटू लागलं, हे काम आपलं नाही. नवा क्लास काही देतो तसं न बोलता इतरांच्या हातून काही काढूनही घेतो. म्हणून कुठलाही नवा क्लास वाचताना मी आधी तेच तपासते, याच्या येण्याने दुसऱ्या कुणाचं काय जाणार आहे?

बळाच्या जागा मांडून त्यांचा खेळ करायचा, ही हौस आपल्याकडे नवी नाही. अबुल फझलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त, सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या त्या ग्रंथात, खेळांवर एक प्रकरण आहे. त्यात त्याने गंजिफाचा बारा रंगांचा जुना संच एकेक करून सांगितला आहे. प्रत्येक रंगाला एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा अशी पानं, म्हणजे एकूण १४४. आणि रंग कोणते? पहिला अश्वपती, ज्याचं बळ घोड्यांत. त्याच्या राजाचं चित्र छत्र-निशाणासह दिल्लीच्या बादशहासारखं. दुसरा गजपती, ज्याचं बळ हत्तींत, ओरिसाच्या राजासारखा. तिसरा नरपती, ज्याचं बळ पायदळात, आणि उदाहरण विजापूरच्या राज्यकर्त्यांचं. मग गडपती, धनपती, दलपती, नावांचा म्हणजे जहाजांचा नवपती. पुढे राणीचा रंग, देवांचा सुरपती, असुरांचा असुरपती, वाघाचा वनपती, सापांचा अहिपती. असुरपतीच्या राजाच्या जागी चक्क दाऊदचा मुलगा सुलेमान बसवलेला! इंद्र एका रंगात आणि सुलेमान दुसऱ्यात, एकाच जोडात, एकाच डावात. हे वाचताना मला तरी अंगावर रोमांच उभे राहतात.

गंजिफा हा पत्त्यांचा खेळ, त्यात कुणी पात्र होऊन बोलत नाही. पण कोणाचं बळ कशात, ही मांडणी तीच. अबुल फझल पुढे लिहितो, की अकबराने या पानांत फेरफार केले. धनपतीला पैसे वाटणारा माणूस म्हणून काढायला लावलं, आणि फर्मानं, कापडचोपड, वाद्यं, चांदीची नाणी, तलवार, मुकुट, गुलाम असे दरबाराच्या कारभारातले रंग घातले. घोडे-हत्ती मागे पडून कागद आणि नाणी पुढे आली. साम्राज्य कशावर चालतं याबद्दलचं बादशहाचं मतच ते. दक्षिणेत गेल्यावर हाच खेळ आणखी निराळ्या हातांत पडला. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर ज्या गोल, लाखेने चकाकणाऱ्या गंजिफा रंगवतात त्यांत दहा रंग आहेत, आणि ते दहा अवतारांचे: मत्स्य, कूर्म, वराह, तिथपासून कल्कीपर्यंत. पानं १२०. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. मूळ खेळ कुणाच्या मालकीचा आणि आम्ही त्यात हात घालावा की नाही, असा प्रश्न चिताऱ्यांना पडल्याचं दिसत नाही.

अमेरिकेत तो प्रश्न पडला, आणि वकिलांपर्यंत गेला. १९७७ साली डेव्हिड हारग्रेव यांनी ‘द आर्डुइन ग्रिमॉयर’ हे आपलं पुस्तक काढलं. त्यात व्यापाऱ्यापासून कितीतरी नवे क्लास होते. १९८२ पासून मेफेअर गेम्स या कंपनीने ‘रोल एड्स’ नावाने पुरवण्यांची मालिका चालवली. मूळ खेळाची मालक टीएसआर कंपनी तिच्याशी भांडत कोर्टात गेली आणि शेवटी तिने ती मालिकाच विकत घेऊन टाकली. दार उघडलं ते २००० साली. तोवर टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली होती. तिथले रायन डान्सी मुक्त संगणक प्रणालींच्या परवान्यांवरून शिकले आणि त्यांनी ‘ओपन गेम लायसन्स’ आणलं. खेळाचा सांगाडा, म्हणजे पायऱ्या, फासे, लढाईचे नियम, मंत्र, एका मोफत दस्तऐवजात मांडला आणि सांगितलं: यावर हवं ते बांधा, विका, फक्त आमचं नाव आणि खास पात्रं वापरू नका. म्हणूनच बाहेरच्यांच्या पुस्तकांवर खेळाचं नाव नसतं, नुसतं ‘पाचव्या आवृत्तीसाठी’ असं लिहिलेलं असतं. जाणत्याला तेवढं पुरतं.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनी हा परवाना बदलणार असल्याचा मसुदा फुटला, तेव्हा जगभरचे खेळाडू खवळले. कंपनीने मतं मागवली, १५,००० हून जास्त उत्तरं आली, आणि २७ जानेवारीला सुमारे ४०० पानांचा तो सांगाडा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला करण्यात आला. तो आता परत घेता येत नाही. म्हणजे नोएडात बसून मी एक क्लास लिहिला, छापला, विकला, तर मूळ लेखकांचा उल्लेख करण्यापलीकडे कुणाला विचारायची गरज नाही. या एका वाक्यासाठी पन्नास वर्षं लागली.

पण मुभा मिळाली म्हणून क्लास जमतोच असं नाही. खरी नवलाई गणितात आहे. पात्र पहिल्या पायरीवरून विसाव्यापर्यंत चढतं आणि वाटेत पाचवी पायरी फार मोलाची. तिथे लढवय्याला एका खेपेत दुसरा वार मिळतो, म्हणजे त्याची ताकद जवळपास दुप्पट होते. नेमक्या त्याच पायरीवर विझर्डच्या हाती आगीचा गोळा येतो: सहा पैलूंचे आठ फासे, सरासरी २८ इजा, आणि ती घोळक्यातल्या प्रत्येकाला. सगळे एकदमच उडी घेतात. बाहेरच्या लेखकाने आपल्या क्लासची उडी चौथ्या पायरीवर ठेवली तर तो बाकीच्यांना झाकोळतो, सहाव्यावर ठेवली तर एक पायरीभर तो ओझं होऊन बसतो. शिवाय दोन क्लास मिसळून एक पात्र करायची मुभा आहे. मूळ पुस्तकातल्या १२ क्लासच्या ६६ जोड्या होतात आणि तेरावा आला की आणखी १२ वाढतात. लेखकाने स्वप्नातही न पाहिलेल्या त्या जोड्यांतून कुणीतरी हुशार खेळाडू अशी काही पळवाट काढतो, की डीएमची झोप उडावी. आमच्या टेबलावर कुणी नवी पीडीएफ पुढे सरकवली की डीएमचं ठरलेलं उत्तर असतं, ‘पहले मैं पढ़ूँगा.’

एक नमुना जवळून बघण्याजोगा आहे. मॅथ्यू मर्सर यांचा ‘ब्लड हंटर’. त्याचा जन्म २०१५ मधला, ‘द लास्ट विच हंटर’ या चित्रपटाच्या निमित्ताने अभिनेता विन डिझेलबरोबर खेळल्या गेलेल्या एका डावासाठी. याचं बळ कशात? स्वतःच्या रक्तात. दुसऱ्या पायरीवर त्याला एक विधी मिळतो: शस्त्राला आपलं रक्त लावायचं, म्हणजे वाराबरोबर आग किंवा वीज उतरते. त्यासाठी एक फासा टाकायचा आणि तेवढं स्वतःचं आयुष्य उणं करायचं. पुढे प्रत्येक वाराला तोच फासा जादा इजा देतो. सुरुवातीला तो चार पैलूंचा, सरासरी अडीच. विधीला अडीच द्यायचे आणि दर वाराला अडीच घ्यायचे. दुसरा वार लागला की नफा सुरू. पायऱ्या चढल्या की फासा सहा, आठ, शेवटी दहा पैलूंचा होतो, म्हणजे मिळकत वाढते तशी किंमतही आपोआप वाढते. किती सोपं, आणि किती देखणं!

तरी मला त्यात एक उणीव दिसते. दुसऱ्या पायरीवर अशा पात्राचं आयुष्य साधारण २० असतं, आणि त्यातून चारपर्यंत देणं म्हणजे खरंच रक्त देणं. सतराव्या पायरीवर १४० च्या घरात आयुष्य असताना दहा दिले तर कुणी हूं की चूं करत नाही. जो त्याग सुरुवातीला झोंबतो तो शेवटी नुसता रिवाज उरतो. बेंजामिन हफमन यांचा ‘प्युजिलिस्ट’, म्हणजे मुठींवर जगणारा दंगेखोर लढवय्या, मला या बाबतीत जास्त टिकाऊ वाटतो. त्याची जिद्द गुणांत मोजलेली आहे. ती खर्चायची, दम खाल्ला की परत मिळवायची, आणि ही ओढाताण वरच्या पायऱ्यांवरही चालूच राहते. दिल्लीत आणि हरियाणात आखाड्याची माती अंगाला लागलेले खेळाडू या क्लासवर खूश होतात, यात मला तरी नवल वाटत नाही.

भारतीय माणसांनी या जगात पाय ठेवला आहेच. सुरुवातीला आपल्याकडून राक्षस गेला होता, १९७५ साली. तोही थेट पुराणातून गेला नाही, एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या भागावरून गेला. म्हणून जुन्या नियमांत तो मंत्रवलेल्या बाणाने मरतो. २०२२ मध्ये ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हे अधिकृत पुस्तक आलं. त्याच्या प्रमुखांपैकी एक अजित जॉर्ज, आणि त्यात कोलकात्याच्या मिमी मोंडल यांनी बंगालच्या नद्या-चिखलातून उभी केलेली ‘शंखभूमी’. हे साहसांचं पुस्तक आहे, आपल्या भूमीत काय घडतं ते सांगणारं. क्लास हे वेगळं काम. आपल्या माणसाचं बळ कशात, हे त्याला नियमांत सांगावं लागतं.

मी सध्या शिलेदार लिहिते आहे, आणि त्याला कारण पानिपत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आज पानिपत जिल्हाही मोडतो. काला आंबचं स्मारक दिल्लीहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर आहे. १४ जानेवारी १७६१ ला तिथे एकाच सैन्यात दोन निराळी बळं उभी होती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ, त्यांचा नियम: रांग धरा, थांबा, अंतर राखा. आणि मराठी घोडदळ, त्याचा पिढीजात नियम: थांबू नका. विंचूरकर आणि गायकवाड यांचे स्वार रांग सोडून पुढे धावले, गारद्यांच्या तोफांच्या मारगिरीत आडवे आले आणि सैन्याची गोलाची रचना फुटली, अशी हकिगत सांगितली जाते. शौर्यात कुणी कमी नव्हतं. दोन क्लास एकमेकांसाठी लिहिलेले नव्हते. शाळेत वाचलेला पानिपत मला या खेळाने पुन्हा वाचायला लावला.

तर शिलेदार. पहिली अडचण खेळाच्या नावातच आहे. डंजन म्हणजे भुयार, आणि भुयारात घोडा उतरत नाही. घोड्यावरचे सगळे क्लास इथेच फसतात. खेळाडू घोडा वर बांधून ठेवतो आणि त्याचं निम्मं बळ वरच राहतं. म्हणून आमचा डाव आम्ही यमुनेपासून कुरुक्षेत्रापर्यंतच्या उघड्या मुलखात मांडला. दुसरी अडचण रिकिबीची: नियमाप्रमाणे घोड्यावर बसायला किंवा उतरायला त्या खेपेतली निम्मी चाल खर्ची पडते. शिलेदाराला त्यातून सवलत पहिल्याच पायरीवर द्यायची असं ठरवलं, कारण जन्म घोड्यावर गेलेल्या माणसाला तेवढी ती हवीच.

तिसरी अडचण खरी. घोडा मेला तर? बारगिराला पागेतून दुसरा मिळतो, म्हणून त्याला मी रात्रीच्या विश्रांतीनंतर नवा घोडा दिला, साधा, पायऱ्यांबरोबर न वाढणारा. शिलेदाराचा घोडा मात्र त्याच्याबरोबर वाढतो, त्याची प्रत्येक शक्ती त्या जनावरातून येते, आणि तो पडला की नवा घोडा तयार होईपर्यंत ती सगळी जाते. पाचव्या पायरीवर लढवय्याला दुसरा वार मिळतो तिथे शिलेदाराचा घोडा स्वतः वार करू लागतो. गणित बसतं. पण टेबलावर पहिल्याच लढाईत दिसलं की शिलेदार खेळणारा मुलगा घोडा पुढे घालायलाच तयार नाही. बारगीर खेळणारी बिनधास्त तोफांवर धावली, आणि तो मागे अंतर राखून भाल्याची फेक मोजत राहिला. डीएमने विचारलं, हा क्लास माणसाला भित्रा करतो का? मुलगा म्हणाला, ‘भित्रा नाही, मालक करतो.’ त्या रात्री मी एक ओळ वाढवली: अनुभवी शिलेदाराला स्वतःच्या पदरी दोन बारगीर बाळगता येतील, कारण तसे ते बाळगतही असत. आता प्रश्न असा, की ते बारगीर चालवायचे कुणी, त्याने की बाजूच्या खेळाडूने. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.